इनामाची कुस्ती

मराठीत 'हौशी' हा शब्द कौतुकाने उच्चारला जातो आणि 'धंदेवाईक' हा शब्द नाक किंचित मुरडून. हौशी नट म्हटला की त्याच्या कलाप्रेमाविषयी चार शब्द आपण आपण होऊन बोलतो. तोच नट पाकीट घेऊन रंगू लागला की त्याच्या अभिनयाआधी त्याच्या पाकिटाची चौकशी होते. वास्तविक वैद्याने फी घेतली म्हणून त्याच्या औषधाचा गुण जात नाही, आणि आमच्यासारख्या मास्तराने पगार घेतला म्हणून ज्ञानेश्वरी अशुद्ध होत नाही. पण कोणी आपल्या मनगटाचे, मांड्यांचे, चपळाईचे मोल मागितले, तर पांढरपेशा मनाला कसेसेच वाटते. खेळ हा खेळासाठी खेळावा, असे आपण जेवून तृप्त झाल्यावर म्हणतो.

या नाक मुरडण्यामुळे एक गोष्ट आपल्या नजरेआड राहिली आहे. पैशासाठी, उघड्या मैदानात, हजारो लोकांसमोर खेळला जाणारा खेळ महाराष्ट्राला आयपीएलच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. तो खेळ म्हणजे कुस्ती, आणि त्याची राजधानी म्हणजे कोल्हापूर. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला विषय थोडा मातीचा आहे खरा. पण त्या मातीत आपल्या समाजाचा बराच हिशेब पुरलेला आहे.

जगातील पगारी खेळाचा इतिहास सांगताना अमेरिकेतील सिनसिनाटी या शहराचे नाव घेतात. ओहायो नदीकाठचे हे व्यापारी शहर. तेथील 'रेड स्टॉकिंग्ज' या बेसबॉल संघाने १८६९ मध्ये आपल्या सर्व खेळाडूंना उघड पगार देण्याचे ठरविले. त्याआधी इतर संघ पैसे देतच होते, पण मागल्या दाराने. सिनसिनाटीने पुढचे दार उघडले एवढेच. या संघाचा सूत्रधार हॅरी राइट हा मूळचा इंग्लंडचा, आणि गंमत अशी, की तो आधी न्यूयॉर्कमध्ये पगारी क्रिकेटपटू होता. त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज याला हंगामाचे १,४०० डॉलर मिळत. त्या वर्षी हा संघ आगगाडीने पार सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाऊन आला आणि एकही सामना हरला नाही. पुढल्या वर्षी, १४ जून १८७० रोजी, ब्रुकलिनच्या अटलांटिक संघाने त्यांना ८-७ असे हरविले. हार झाली तशी गर्दी ओसरू लागली, खर्च डोळ्यांत खुपू लागला, आणि १८७० चा हंगाम संपताच क्लबने पगारी खेळाडूंना रजा दिली. राइट बंधू बॉस्टनला निघून गेले.

अवघ्या दोन हंगामांची ही गोष्ट. पण पगारी खेळाचा सगळा स्वभाव तिच्यात आला आहे. जिंकेपर्यंत शहर तुमचे. हरलात की हिशेबाची वही पुढे येते. आणि मग एकच प्रश्न उरतो: खेळाडूचे पोट कोणी भरायचे?

कोल्हापूरने याच प्रश्नाला आपल्या रीतीने उत्तर दिले. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले, तेव्हा ते विशीत होते आणि स्वतः कुस्तीचे शौकीन होते. संस्थानात तालमी होत्याच. महाराजांनी त्यांना दरबाराचा आधार दिला. पंजाबपासूनचे नामांकित मल्ल कोल्हापुरात येऊन राहू लागले. त्यांचा खुराक दरबारातून चाले. दूध, तूप, बदाम, थंडाई हा खर्च ज्याने एका पैलवानाचा केला आहे, त्यालाच दरबारी खजिना म्हणजे काय ते कळेल. आमच्या प्राध्यापकी पगारात एक पैलवान पोसायचा तर घरातील बाकीच्यांना एकादशी करावी लागेल.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले. पुष्कळ संस्थानिक विलायतेहून झुंबरे आणि मोटारी घेऊन आले. शाहू महाराज एक कल्पना घेऊन आले. १९०७ च्या सुमारास खासबागेत काम सुरू झाले आणि १९१२ मध्ये मैदान उभे राहिले. मध्यभागी आखाडा, भोवती गोल उतरंड, आणि मध्ये नजर अडवील असा एकही खांब नाही. शेवटच्या रांगेतील माणसालाही पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे, अशी ही रचना. येथे तीसेक हजार माणूस बसते असे कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात. शेजारीच पॅलेस थिएटर उभे राहिले, तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. नट आणि मल्ल, दोघेही 'धंदेवाईक', महाराजांनी भिंतीला भिंत लावून बसविले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली तेव्हा गावातली माणसे रस्त्यावर येऊन रडली. वास्तूवर असे प्रेम बसायला ती नुसती सुंदर असून भागत नाही. तिने तीन-चार पिढ्यांची संध्याकाळ सांभाळलेली असावी लागते.

ज्या १९१२ मध्ये खासबाग मैदान पुरे झाले, त्याच वर्षी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये जिम थॉर्प नावाच्या अमेरिकन आदिवासी तरुणाने दोन सुवर्णपदके मिळविली. पुढल्या वर्षी ती काढून घेण्यात आली. त्याचा गुन्हा कोणता? १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत तो नॉर्थ कॅरोलायनात, एका लहानशा गावाच्या बेसबॉल संघातून, किरकोळ पैसे घेऊन खेळला होता. पैसे घेतले म्हणजे तो 'हौशी' उरला नाही! थॉर्प १९५३ मध्ये वारला. पदके परत मिळाली १९८२ मध्ये, आणि तीही विभागून. तोच एकटा विजेता अशी नोंद व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. एकीकडे गरिबाने अंगमेहनतीचे चार पैसे घेतले म्हणून त्याला शिक्षा करणारे जग, आणि दुसरीकडे त्याच वर्षी अशा गरिबांसाठीच दगडामातीचे मैदान बांधणारा राजा. सुधारलेले कोणाला म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

अर्थात, पगार आणि इनाम यांत फरक आहे. सिनसिनाटीचा खेळाडू हंगामाचा पगार घेई. जिंको वा हरो, पैसे ठरलेले. आपल्याकडील पैलवानाचा हिशेब कुस्तीगणिक. गावच्या जत्रेत लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग नारळावर, मग रोख इनामावर; आणि दिवस कलताना हलगी कडाडते व मानाची कुस्ती लागते. जोड ठरविताना वस्ताद वजन पाहतात, उंची पाहतात, आधीच्या कुस्त्यांचा निकाल पाहतात. इनाम चितपटीवर. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनामही विभागले जाते, आणि दोघांनी आधीच ठरवून कुस्ती सोडविली असा संशय आला तर लोक 'नूरा कुस्ती' म्हणून ओरडतात. हा शब्द आज आमचे अग्रलेखकार विधानसभेतील वादांसाठी वापरतात. डावपेच, चितपट, शड्डू ठोकणे, धोबीपछाड, आखाड्यात उतरणे: मराठी राजकारणाचा अर्धा कोश तालमीतून उसना आणलेला आहे. शब्द आपण घेतले. ज्यांचे होते त्यांच्याकडे मात्र वळून पाहिले नाही.

हे वळून न पाहणे किती महाग पडते, याचे उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला तो गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. मातीत वाढलेला हा मल्ल तेथे गादीवर लढला आणि सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा संस्थान राहिले नव्हते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले होते. राजा गेला आणि राज्य नवे. खाशाबांनी लोकांपुढे झोळी पसरली. गावाने वर्गणी काढली, आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आमच्या व्यवसायातील या माणसाचे नाव घेताना आम्हां मास्तरांची मान ताठ होते, हे कबूल केले पाहिजे.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी ब्राँझपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडला त्यांची मिरवणूक शंभराहून अधिक बैलगाड्यांतून निघाली. ही मिरवणूक सर्वांना माहीत आहे. तिच्या पुढची गोष्ट मात्र अधिक सांगण्यासारखी आहे. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः लढले, आणि जमलेला पैसा प्राचार्यांचे घर सोडवायला दिला. म्हणजे ज्या पदकासाठी 'हौशी' असण्याची अट होती, त्या पदकाचे कर्ज फेडले ते अखेर इनामाच्या कुस्तीने! पुढे ते पोलीस खात्यात शिरले, तेथेच नोकरी केली, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

संस्थानिक गेल्यावर मल्लांची काय दशा झाली, हे केवळ कोल्हापूरनेच पाहिले असे नाही. १९१० मध्ये लंडन गाजविणारा आणि १९२८ मध्ये पतियाळात झिबिस्कोला मिनिटभराच्या आत चीत करणारा गामा १९६० मध्ये लाहोरला वारला, तेव्हा त्याचे अखेरचे दिवस हलाखीत गेले होते. राजाश्रयाचा हा दोषच आहे. तो मिळतो तेव्हा ओंजळी भरून मिळतो. पण त्याला वारस नसतो.

कोल्हापूरच्या कुस्तीला मात्र वारस मिळाले, आणि तिचे वेगळेपण येथेच आहे. राजा गेला तेव्हा गावाने ते ओझे वाटून घेतले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी चालू राहिल्या. आसपासच्या खेड्यांतून आलेली पोरे तेथे राहत, स्वतः रांधून खात आणि पहाटे मातीत उतरत. ताक, लिंबू, हळद, तेल घालून मुरविलेली ती लाल माती. याच मातीतून श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये महाराष्ट्राचे पहिले हिंदकेसरी झाले. ते मूळचे सीमाभागातील एकसंब्याचे. माती कोणत्या राज्यात मोडते हे तालमीने कधी विचारले नाही. पाठोपाठ १९६० मध्ये गणपत आंदळकर हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकरांनी आणि कवठेपिरानच्या मारुती माने यांनी पदके आणली. दादू चौगुले यांनी १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. सहकारी साखर कारखाने निघाले तेव्हा काहींनी मल्लांना मानधन सुरू केले, वारणेसारख्या ठिकाणी वर्षाला मोठी मैदाने भरू लागली. उसाचा पैसा दुधातुपाच्या रूपाने मातीत परत आला म्हणा ना.

मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने निघालेल्या कुस्तीगीर परिषदेने १९६१ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू केली. औरंगाबादच्या त्या पहिल्या स्पर्धेत दिनकर दह्यारी विजयी झाले. आज या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते अखेरच्या लढतीत भेटतात. चांदीची गदा हा तिचा मान. ही गदा खांद्यावर घेतलेला मल्ल वर्तमानपत्रात पाहिला की आपल्याला वाटते, याचे जन्माचे सार्थक झाले. पण २०२२ मध्ये साताऱ्यास पृथ्वीराज पाटील या कोल्हापूरच्या तरुणाने ही गदा जिंकली, कोल्हापूरची दोन दशकांची प्रतीक्षा संपविली, आणि रोख बक्षीस काही मिळाले नाही अशी खंत बोलून दाखविली. गावभर चर्चा झाली, मग मदतीचे हात पुढे आले. दुसऱ्याच वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात, विजेत्याला मोटारगाडी मिळाली. एका वर्षी नुसती गदा आणि पुढल्या वर्षी मोटार! भरविणाऱ्याच्या मर्जीवर आणि ऐपतीवर मल्लाचे मोल ठरते, ते असे. संस्थाने गेली, पण खेळातली मर्जी काही गेली नाही.

आता थोडे आमच्या खानदेशाविषयी. कोल्हापूरकर 'मैदान' म्हणतात, आम्ही 'दंगल' म्हणतो. आमची माती काळी, कापसाची. तिच्यावर कुस्तीपेक्षा पावसाचे राज्य अधिक. येथे ना खासबाग, ना साखर कारखान्यांची रांग. गावची जत्रा भरायची, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांची दंगल, एवढाच काय तो पैलवानाचा हंगाम. असे असूनही चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीच्या विजय चौधरी याने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, आणि कुस्ती म्हणजे पंचगंगेकाठची मिरासदारी हा समज गिरणाकाठच्या माणसाने मोडून काढला. पुढे त्याला पोलीस उपअधीक्षकाची नोकरी मिळाली. खानदेशातील शेतकरी बापाला या गदेपेक्षा या नोकरीचे अप्रूप अधिक वाटले, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. गदा भिंतीवर राहते. पगार पहिल्या तारखेला येतो.

आमच्या जामनेरलाही २०२५ च्या फेब्रुवारीत मोठी दंगल भरली. त्या वेळचे मंत्री व येथील आमदार गिरीश महाजन यांच्या पुढाकाराने 'नमो कुस्ती महाकुंभ' झाला, आणि कांग नदीकाठच्या या तालुक्याच्या गावी परदेशी मल्ल येऊन लढले. लोकांनी तुडुंब गर्दी केली. पुढाऱ्याने कुस्ती भरविली की शहरी माणूस तिच्यात मतांचा वास शोधतो. तो असेलही. पण शाहू महाराजांचा अपवाद सोडला तर खेळाला निव्वळ प्रेमाने पैसा देणारा यजमान जगात दुर्मिळच. सिनसिनाटीच्या क्लबालाही आपल्या शहराचे नाव गाजवायचे होतेच. पैसा कोणत्या हेतूने येतो यापेक्षा तो पुढल्या वर्षीही येतो का, आणि मैदानाच्या दिवसापुरता येतो की पहाटेच्या तालमीपर्यंत पोहोचतो, हे प्रश्न मला अधिक महत्त्वाचे वाटतात.

कारण पैलवानाचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर, आणि त्या भांडवलाला मुदत आहे. पस्तिशी उलटली की गुडघा बोलू लागतो. अंगाला लागलेला खुराक व्यायाम सुटल्यावर अंगावरच उलटतो. मोठ्या कुस्तीत जिंकणाऱ्या एकाचे नाव आपल्याला कळते. त्याच्याबरोबर त्याच तालमीत दहा वर्षे घाम गाळलेले आणि नारळावरून रोख इनामापर्यंत कसेबसे पोहोचलेले बाकीचे कोठे जातात? कोणी शेतावर परततो, कोणी रखवालदाराची नोकरी धरतो, कोणी कोणा पुढाऱ्याच्या गाडीत मागे बसलेला दिसतो. आमच्या भागातील कॉलेजांतही मोडलेल्या कानांचा एखादा मुलगा शेवटच्या बाकावर बसलेला असतो. त्याच्या बुद्धीविषयी वर्गात विनोद होतात. 'पैलवानाची अक्कल गुडघ्यात' ही म्हण आपण मोठ्या चवीने सांगतो; पण समोरच्याचा तोल कोणत्या क्षणी आणि कोणत्या पायावर आहे हे पापणी लवायच्या आत ओळखणे, याला अक्कल म्हणायचे नसेल तर कशाला म्हणायचे?

आता मुलीही मातीत उतरू लागल्या आहेत. २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. म्हणजे 'खुराक कोण देणार' हा प्रश्न यापुढे लेकीसाठीही विचारला जाईल, आणि आपल्याकडे लेकीच्या दुधाचा पेला आधीच अर्धा असतो.

खेळाला पैसा लागतो हे मान्य करायला आपल्याला फार वेळ लागला. तो मान्य केल्यावर पुढची पायरी सोपी आहे. क्रिकेटच्या तिकिटाला आपण बिनतक्रार हजार रुपये मोजतो. गावच्या दंगलीत मात्र फुकट बसतो, आणि वर्गणीची पावती पुढे आली की खिसा चाचपतो. राजाचा खजिना गेला, कारखान्यांचे मानधन कारखान्याच्या तब्येतीवर अवलंबून. मग जो उरतो तो प्रेक्षकच. तालमीला नियमित देणगी, जिल्ह्याच्या पैलवानांसाठी विम्याची सोय, कुस्ती सुटल्यावर हाती राहील असे काही शिक्षण, ही कामे तीसेक हजार माणसांच्या गोल उतरंडीने ठरविले तर एका हंगामात होण्यासारखी आहेत.

दिवाळी संपली की जत्रांचे दिवस येतील. पंचांनी फेटे बांधलेले असतील, हलगीवाला हलगी शेकत असेल, आणि सर्वांत आधी रेवड्यांच्या कुस्त्या लागतील. आठ-नऊ वर्षांची दोन पोरे, लंगोट नीट न बसलेली, एकमेकांना झटत असतील. मुलांना घेऊन अवश्य जा. जिंकणाऱ्याला लोक उचलून घेतातच. तेवढ्यात दुसरा पाठीची माती झटकीत बाजूला उभा असेल, त्याच्या हातावरही पाच-दहा रुपये ठेवा. त्याला ते खुराकाला पुरणार नाहीत. पण उद्या पहाटे तालमीत जायला पुरतील.